नोंदणी पुस्तकातला पत्ता

विषय : लाल रंगाच्या दोनदारी मोटारीच्या नोंदणी पुस्तकातील मालकाचा पत्ता दुरुस्त होऊन मिळणेबाबत.
अर्जदार : श्री. भिमाजी काशिनाथ खैरनार, अव्वल कारकून, सुरगाणा. राहणार इंदिरानगर, नाशिक.

अर्जात कारण दोनच शब्दांत दिलेलं आहे : 'गैरसोय होते.' सरकारी कागदावर याहून जास्त भीती मावत नाही. बाकीची हकिकत अशी.

भिमाजींची सुरगाण्याला बदली झाली ती दोन हजार तीनच्या जूनमध्ये. त्यांची पत्नी सुला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. इंदिरानगर ते सुरगाणा नव्वद किलोमीटर. दुसऱ्या कोणीही तिकडे खोली घेतली असती आणि शनिवारी घरी आला असता. भिमाजींना ते जमणार नव्हतं. तिन्हीसांजेला सुलाच्या फोटोपुढे दिवा लावायचा, हा त्यांचा नेम होता. सुलाने तसं कधी सांगितलं नव्हतं, पण त्या दिव्याखेरीज त्या घरात त्यांची वाट बघणारं दुसरं काही उरलेलं नव्हतं.

एस. टी. त्यांना रात्री साडेआठला नाशकात आणून सोडी. अंधाऱ्या घराचं कुलूप उघडताना आपण दुसऱ्याच्या घरात शिरतोय असं त्यांना वाटे. दोन महिन्यांनी त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीला जागून आधी तुलनात्मक तक्ता तयार केला. स्कूटर : घाटात दम तोडते. जुनी जीप : पावसात वायपरऐवजी मालकाने हात फिरवायचा. साधी चारचाकी : ऐपतीबाहेर. शेवटच्या रकान्यात नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या कारभारी शेळके या गाड्यांच्या दलालाने दाखवलेली गाडी होती. परदेशातून आणलेली, बसकी, लालभडक, दोनच सीटांची. मागच्या बाजूला कंपनीचं नाव होतं, त्यातली निम्मी अक्षरं गळालेली. किंमत मात्र जीपपेक्षा कमी.

"अहो, ही शर्यतीची गाडी," भिमाजी म्हणाले. "मला कचेरीत जायचंय. मी काय पोरीबाळींना फिरवणार आहे?"

"साहेब, तुम्ही एकटेच ना? मग मागच्या सीटवर काय गाठोडी ठेवायची?" कारभारी हसला. "आधीचे मालक एकलहऱ्याला वीजकेंद्रात इंजिनिअर होते. राहायला दिंडोरीकडे, मळ्यात. रोज ऐंशी किलोमीटर, बारा वर्षं. एकदा बंद पडली असेल तर मिशी उतरवतो. संध्याकाळ झाली की गाडी घरी म्हणजे घरीच."

"मग विकली का?"

"मालक वारले." कारभारीने भिमाजींचा चेहरा पाहिला आणि घाईने जोडलं, "गाडीत नाही हो! व्यवस्थित घरी पोचल्यावर."

तक्त्यात 'भरवसा' या रकान्यापुढे भिमाजींनी 'उत्तम' लिहिलं.

नाव चढवायचा फॉर्म कारभारीच्या टपरीतच भरला. पत्त्याशी आल्यावर कारभारी म्हणाला, "जुनाच राहू द्या साहेब. पत्ता बदलायचा तर पुरावा लागतो, महिना जाईल. तुम्हाला गाडी सोमवारी हवी." भिमाजी दुसऱ्यांच्या अर्जातली एक वेलांटी सुटली तरी अर्ज परत पाठवणारे. पण सोमवार हवाच होता. त्यांनी जुन्या मालकाच्या पत्त्याकडे पाहिलं : गट क्रमांक २१७, मळ्यातलं घर, तालुका दिंडोरी. आणि आपल्या नावापुढे, आयुष्यभर हजारो कागदांवर लिहिलं तसं, सवयीने लिहिलं : 'वरीलप्रमाणे'. खाली सही केली.

गाडी खरंच गुणी निघाली. सुरगाण्याच्या ज्या रस्त्यावर बैलगाडीचा आस मोडतो, तिथे तिचं जमिनीलगतचं पोट एकदाही घासलं नाही. पावणेसहाला कचेरी सुटली की सव्वासातला इंदिरानगर. सव्वासातपर्यंत दिवेलागण धरायला शास्त्राची हरकत नसावी, असा शेरा भिमाजींनी मनातल्या मनात मारला. कचेरीत थट्टा झाली. "रावसाहेब, पेट्रोल भरता की तरुणपण?" वगैरे. भिमाजी चहा पीत ऐकून घेत. बरं वाटे. चार वर्षांत त्यांची थट्टा करण्याइतकं लक्ष त्यांच्याकडे कोणी दिलं नव्हतं.

शिपाई बुधा तेवढा हसला नाही. एकदा त्याने गाडी पुसून दिली आणि म्हणाला, "साहेब, त्या बाजूची शीट लय गरम लागती. कोन बसलं होतं?"

"ऊन," भिमाजी म्हणाले. गाडी सकाळपासून चिंचेखाली होती.

डिसेंबरात अंधार लवकर पडू लागला. द्राक्षबागांवर फवारणी चालू होती. वणी सोडलं की धुक्यात गंधकाचा वास मिसळलेला असे. अशाच एका संध्याकाळी भिमाजी समोरच्या दोन हात रस्त्याकडे बघत होते. चाकांचा आवाज बदलला. डांबर संपून माती लागली होती. दोन्ही बाजूंना वेलींचे मांडव जवळ आले होते. आपण कधी वळलो हे त्यांना आठवेना.

समोर एक बैठं घर होतं. ओट्यावर कंदील. कंदिलामागे एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, चेहरा अंधारात.

"उशीर झाला आज..." ती म्हणाली.

भिमाजींच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर काटा आला तो जरा नंतर. आधी त्यांनी, जाब द्यायचा असल्यासारखं, घड्याळ पाहिलं. चार वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

"मी... चुकलो. रस्ता चुकलो."

"पाणी गरम आहे. हातपाय धुवा."

आत आणखी कोणीतरी ताटं मांडत होतं. पितळी ताट फरशीला टेकल्याचा आवाज आला. एक. मग दुसरं. मग तिसरं... भिमाजींनी गाडी मागे घेतली. मांडवाच्या तारा काचेला घासत राहिल्या, पण त्यांनी थांबून पाहिलं नाही. घरी पोचले, दिवा लावला, पांघरूण डोक्यावर घेऊन झोपले.

सकाळी दार उघडलं तर शेजारची स्नेहल जिन्यात उभी.

"काका, परगावी गेला होतात का? कालची दुधाची पिशवी दारातच आहे. रात्रीही घर अंधारात होतं."

"काल? काल मी सव्वासातला..." भिमाजी थांबले. उंबऱ्याशी दुधाच्या दोन पिशव्या होत्या, एक फुगलेली. ते आत गेले. फोटोपुढच्या निरांजनात बोट घातलं. वात कोरडी होती आणि तिच्यावर दोन दिवसांची धूळ होती.

त्या आठवड्यात जिल्ह्याची मीटिंग होती. सुरगाण्याला परतताना फायलींचे गठ्ठे आणि बुधा दोघेही गाडीत होते. दुपारचे दोन. दिंडोरीच्या पुढे तो मातीचा फाटा दिसला आणि भिमाजींनी, या वेळी स्वतःहून, गाडी आत घातली.

घर नव्हतं. मांडवांच्या मधोमध एक ओटा तेवढा होता, चिरे निखळलेला. भोवती कमरेइतकं गवत.

"हितं कुनी ऱ्हात नाय साहेब," बुधा म्हणाला. "लय वर्सं झाली. पन..." तो वाकला. ओट्यासमोर गवत दबून गाडीच्या मापाची जागा झाली होती, आणि तिच्यात इंजिनच्या तेलाचे थेंब. ताजे. एकावर एक पडून डाग तळहाताएवढा झालेला.

ओट्याच्या कडेला जेवणाच्या डब्याचा एक पुडा होता. भिमाजींच्याच डब्याचा. पंधरा दिवसांपूर्वी हरवला म्हणून त्यांनी कचेरीभर शोधला होता. कुणीतरी तो राखेने लख्ख घासून, निथळायला पालथा घातला होता.

"साहेब," बुधा हळूच म्हणाला, "तुमी हितं जेवता का वो?"

भिमाजींनी पुडा उचलून गाडीत ठेवला. त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी इंदिरानगरात कुलूपबंद केली आणि एस. टी.ने गेले. परत येताना बसमध्ये डोळा लागला. कंडक्टरने खांदा हलवला. "उठा बाबा, तुमचं आलं."

बाहेर काळोख. गंधकाचा वास.

"मला नाशिक... मी नाशिकचा आहे."

"तिकीट तर इथवरचंच काढलंय तुम्ही. बघा ना." तिकीट भिमाजींच्या वरच्या खिशात होतं. कंडक्टर खोटं बोलत नव्हता. बस थांबली होती, दार उघडं होतं, आणि फाट्याच्या तोंडाशी, मांडवाच्या आत, कंदील होता. हलत नव्हता. एवढ्या लांब चालत आल्यावर थकून टेकवल्यासारखा जमिनीवर ठेवलेला.

भिमाजींनी पुढचं तिकीट काढलं. सीटच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून नाशिकपर्यंत बसून राहिले.

त्या रात्री त्यांना कळलं की दोष गाडीत नाही. गाडी बिचारी कागदाला धरून चालली होती. राहण्याचा पत्ता त्यांनी स्वतः लिहून दिला होता, सहीनिशी. सत्तावीस वर्षं लोकांना ते हेच सांगत आले होते : तोंडी काही चालत नाही, कागदावर आहे तेच खरं. आता त्यांच्याशीही कोणीतरी तेवढ्याच काटेकोरपणे वागत होतं. गाडी विकायची म्हटली तरी आधी कागद सरळ व्हायला हवा होता. म्हणून त्यांनी अर्ज लिहिला, इंदिरानगरचं वीजबिल जोडलं, आवक शिक्का मारून पोच घेतली आणि वाट पाहू लागले. दिवा कधी लागे, कधी नाही. हल्ली सकाळी उठल्यावर ते आधी वातीला बोट लावून पाहत.

दीड महिन्याने आर. टी. ओ. कचेरीतून बोलावणं आलं. खिडकीमागे रोशनी आहेर नावाची तरुण कारकून होती. तिने फाइल उघडली.

"काका, तुमच्या अर्जाला हरकत आलीय."

"हरकत? माझ्या पत्त्याला?"

"फुलाबाई म्हणून कोणी आहेत, त्या मळ्यातल्या घरच्याच. लिहिलंय, सदर इसम रोज घरी येतात, जेवतात, पत्ता बदलण्याचं कारण नाही. सोबत रेशनकार्डाची नक्कल आहे." तिने कागद खिडकीतून सरकवला. "घरातलं भांडण असेल तर आपसात मिटवा ना काका. सुनावणी लावावी लागेल."

भिमाजींनी चष्मा पुसला. नक्कल रीतसर होती, शिक्का स्वच्छ उमटलेला. पत्ता : गट क्रमांक २१७. कुटुंबप्रमुख : भिमाजी काशिनाथ खैरनार, वय ५३. त्याखाली, त्याच अक्षरात : सुलाबाई भिमाजी खैरनार, नाते पत्नी, वय ४८.

सुला गेली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती.

भिमाजींनी बोटांवर वर्षं मोजली : चार. मागच्या माणसाने दोनदा खोकून दाखवलं. आत ती तीन ताटं कोण मांडत होतं, हे त्यांनी त्या संध्याकाळी पाहिलं नव्हतं. पाहायला हवं होतं.

"काका? सुनावणीची तारीख सोमवारची देऊ?"

"नको," भिमाजी म्हणाले. "सोमवार नको... जरा थांबा."

त्यांनी खिडकीच्या फळीवरच कोरा कागद घेतला आणि चार ओळी लिहून आत दिल्या. फाइलमधला शेवटचा कागद तोच आहे. अर्जदाराने स्वतःच मुदत मागितली असल्याने सुनावणी झालेली नाही. सुरगाणा कचेरीच्या हजेरीपटावर अर्जदाराची सही रोज वेळेवर होते. इंदिरानगरच्या घरात दिवा लागत नाही. अर्ज प्रलंबित आहे.