झडपघरातला नंदादीप

"सर, हा दिवा आत्ताच्या आत्ता इथून हलवा!"

सुनयना वाघचौरे धापा टाकत म्हणाली. द्रवरूप हवेच्या अवाढव्य टाकीच्या तळाशी, निकासाजवळ डॉ. विश्राम धोत्रे नंदादीपात तेल घालत होते. हा वायुसंचय प्रकल्प त्यांनी उभारला होता आणि सुरक्षा अभियंता म्हणून सुनयनाला घडवलं होतं तेही त्यांनीच.

"घट बसलेत, बाई. आता नऊ दिवस हलवायचा नसतो," ते म्हणाले. "कुमुदिनी गेल्यापासून घरी कोण आहे? मी दिवसभर इथं, म्हणून देवीही इथंच आणली. तुझं काय बिघडलं त्यात?"

"माझं नाही, टाकीचं बिघडतंय. तुम्हीच शिकवलंत ना मला!"

प्रकल्पाची कल्पना तशी साधी. दुपारी सौरवीज उतू जाते. त्या विजेवर जुन्या ऑक्सिजन कारखान्याची यंत्रं चालवून हवा इतकी गार करायची, की तिचा द्रव व्हावा. संध्याकाळी शहराला वीज लागली की तोच द्रव उबवायचा. तो शेकडो पटींनी फुगतो आणि टर्बाइन फिरवतो. दुपारी भरा, संध्याकाळी संपवा. पण नवरात्रात कारखाने बंद, विजेला गिऱ्हाईक नाही, म्हणून टर्बाइन दुरुस्तीला खोललं होतं. टाकी भरलेलीच राहिली होती.

"नुसती ठेवली तरी ही हवा आत हळूहळू उकळते," सुनयना म्हणाली. "नायट्रोजन लवकर उकळतो, तो आधी पळतो. ऑक्सिजन मागे राहतो. टाकी रोज रिकामी होत होती तोवर फरक पडत नव्हता. आता तळाशी ऑक्सिजन वाढतोय, आणि नेमक्या त्या निकासाशी तुम्ही ज्योत लावून बसलायत!"

तिची मैत्रीण निशिगंधा दुसऱ्या एका कारखान्यात ऑक्सिजनच्या आगीत जळून गेली होती. ओळख पटली ती बांगड्यांवरून. तेव्हापासून नुसती काडेपेटी दिसली तरी सुनयना दचकायची.

"बरं, हलवतो. पण मालवायचा नाही," सर म्हणाले. "बाकी तू म्हणशील तिथं."

तिनं टाकीखालचं झडपघर, म्हणजे झडपांची छोटी खोली, निवडलं. टाकीत उकळलेला वायू बाहेर सोडणारी नळी तेवढी तिथून जात होती. "हिच्यातून जातो तो जवळजवळ सगळा नायट्रोजन. त्यात काही पेटतच नाही," ती म्हणाली. वर भिंतीवर घंटाही बसवली. ऑक्सिजन जरा वाढला की वाजणार.

"देवीच्या डोक्यावर पहारेकरी बसवलास की!" सर हसले. तळहाताचा आडोसा करत त्यांनी दिवा जपून खाली आणला. घट, आसन, काडेपेटी, सगळं मांडलं.

अष्टमीला सकाळी त्यांचा फोन आला.

"सुनयना, दिवा शांत झाला गं." विझला हा शब्द त्यांच्या तोंडून येणंच शक्य नव्हतं. आवाज रडवेला होता. "पुन्हा लावला, पुन्हा गेला. कुमुदिनीच्या हातून इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नाही. मला एवढंही जमू नये?"

"घंटा वाजली का, सर?"

"नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. "मग कशाला घाबरता? वारा असेल. दार लावून घ्या आणि निवांत लावा."

"डोकं जड झालंय जरा. उपासानं असेल."

"दूध घ्या थोडं. मी येतेच."

भडकला तर नाही ना, मग झालं, असं म्हणत तिनं गाडी काढली. प्रकल्पाच्या फाटकाशी आल्यावर मात्र विझणारा दिवा आणि जड झालेलं डोकं तिनं एकत्र जोडलं. दार लावून घ्या, असं आपण म्हणालो!

ती धावली. श्वास रोखून तिनं दार उघडलं, खिडकीच्या काचा फोडल्या. सर आसनावर बसल्या जागी कलंडले होते. घटातलं धान्य हिरवंगार वर आलं होतं आणि भोवती अर्धवट जळलेल्या काड्यांचा सडा पडला होता.

इतके दिवस अखंड वाहणाऱ्या गार वायूनं नळीचा सांधा आकसला होता आणि नायट्रोजन खोलीत झिरपत होता. त्याला ना वास, ना रंग. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही, नुसतं डोकं जड होतं. खोलीतला ऑक्सिजन संपत चाललाय हे दिवा पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि ही दोन विद्वान माणसं! मोठी हुशार हो! एकाला अपशकुनाची भीती, दुसरीला आगीची. दोघांनी मिळून वारा लागू नये म्हणून दार लावलं.

रुग्णवाहिका आली. सरांच्या तोंडावर मुखवटा बसवून डॉक्टरांनी ऑक्सिजनचं नळकांडं पूर्ण उघडलं. छाती दाबत राहिले. बऱ्याच वेळानं ते थांबले आणि सुनयनाकडे बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली. मुखवट्यातून ऑक्सिजन सूं सूं करत खोलीत पसरतच होता.

तेव्हा भिंतीवरची घंटा खणाणू लागली.