मामीच्या आवाजाची फाइल

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी वयस्कर मंडळींना कॉम्प्युटर शिकवते. माउस कसा धरायचा, फाइल म्हणजे काय, फोल्डर कशासाठी. माझे मामा या वर्गातले सगळ्यात हुशार आणि सगळ्यात हट्टी विद्यार्थी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. कॉपी आणि कट यांतला फरक त्यांना लगेच कळला. पटला मात्र नाही.

“एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी? अगं, ही काय लबाडी! एका घड्याळातलं चाक काढावं, दुसऱ्यात बसवावं. पहिलं रिकामं राहतं. सरळ व्यवहार.”

“मामा, कट केलं की मूळ जागी काही उरत नाही.”

“तेच तर म्हणतोय मी.”

सगळा वर्ग हसला. मीही.

मामी सकाळी कपड्यांच्या घड्या घालताना देवाचं गाणं म्हणायची. गळा असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं आणि डोळे मिटावे. एके दिवशी मामांनी ते गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि वायर जोडून घरच्या कॉम्प्युटरवर नेलं. अर्थातच, कट करून. मग मी शिकवलं होतं तसं सगळं नीट शटडाउन केलं.

दुपारी त्यांचा फोन आला. “तुझी मामी बोलत नाहीये.”

“भांडलात का?”

“भांडली असती तर बरं होतं गं.”

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. सूज नाही, लाली नाही. मामी ओठ हलवायची, पण कुजबुजसुद्धा उमटत नव्हती. खोकली तरी खोली शांतच. मामांनी भिंतीवरची सगळी घड्याळं एकेक करून बंद केली.

“चुकून हळू बोलली, तर ऐकू यायला हवं ना,” ते म्हणाले.

तिला बरं वाटावं म्हणून मी ते रेकॉर्डिंग लावलं. गाणं स्वच्छ ऐकू आलं. त्यामागे घड्याळांची टिकटिक. शेवटी मामांचं हसू, आणि मामी लाजून म्हणाली, “अहो, पुरे! बंद करा ते.”

मामीने दोन्ही हातांनी गळा धरला. मग बोट स्क्रीनकडे. पुन्हा गळ्याकडे.

असं काही नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी माझा हात माउसवर गेला. केलेलं उलटवायची सोय शटडाउनबरोबर गेली होती. मी फाइलची कॉपी काढून मोबाइलवर टाकली आणि लावली. स्क्रीनवरची रेघ पुढे सरकत राहिली; आवाज मात्र आला नाही.

“कॉपीत जीव नसतो,” मामा म्हणाले. “चाक जिथलं तिथेच बसवायला हवं.”

म्हणून मूळ फाइल मी कट केली. वायर जोडलेला मोबाइल मामीने गळ्याशी धरला. हिरवी पट्टी सावकाश भरू लागली.

पट्टी अर्ध्यावर आली आणि मामीच्या ओठांतून बारीक सूर निघाला.

“आला! अगं, आवाज आला!” मामांनी आनंदाने तिचे हात घट्ट धरले.

वायर निसटली.

मोबाइलवर फाइल नव्हती. कॉम्प्युटरवरही नव्हती. काम अर्धवट राहिलं तर मूळ फाइल जागेवरच राहते, हे मी वर्गात शिकवते. ती राहिली नव्हती.

“मामी?”

तिने तोंड उघडलं. तेच गाणं. तोच श्वास, तीच हरकत. मामांनी देवाला हात जोडले.

मग गाणं एका शब्दाच्या मध्येच तुटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

“मामी, पाणी देऊ?”

तेच गाणं. तिचे डोळे मात्र माझ्याकडे लागले होते, काहीतरी भलतंच सांगत.

आता मामा वर्गाला येत नाहीत. तिच्यासमोर बसून असतात. तिचं ‘अहो’ रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या, हरवलेल्या अर्ध्यात होतं. ते अर्धं कुठेच नाही, हे मी त्यांना सांगितलंय. तरी ते वाट बघतात.

काल मी तिच्या अगदी जवळ बसले होते. गाणं तुटलं. तोंड जरा वेळ तसंच उघडं राहिलं, आणि आतून टिकटिक ऐकू आली. मी भिंतीकडे पाहिलं. घड्याळं बंदच होती.

मामीने ओठ मिटले. टिकटिक थांबली.