चावीवाल्यानं गाळलेली पानं

सांगा बरं, जो माणूस तुम्हाला पुस्तक वाचून दाखवतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही? डोळे त्याचे, पुस्तक त्याच्या हातात, आपल्या वाट्याला नुसते कान. तो मधलं एखादं पान खाऊन पुढं गेला, तर कळणार कसं? मी कागदाचा व्यापारी. सख्ख्या भावानं गठ्ठा आणला तरी फोडून बघतो. पण वाचणाऱ्याचा गठ्ठा कोण फोडणार?

हसू नका. सरकून बसा, तो दिवा राहू दे तसाच. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझ्या दुकानासमोर फूटपाथवर टेबल टाकून बसतो. तुमच्यातल्या दोघांच्या घरच्या चाव्या त्यानंच घासल्यात. चावीवाला म्हणतात त्याला. माणूस सरळ, पण तोंडात शब्द म्हणाल तर मोजके. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, आणि त्याची बायको म्हणायची, आमच्या ह्यांनी माझी स्तुती एकदाच केली. मी घरी नव्हते तेव्हा.

त्या वहिनींना वाचनाचं वेड. तेही कसलं, तर प्रेमकथा. पण साध्या नव्हेत. एखादा एकाकी बंगला हवा, मागं पाणी हवं, रात्री जिन्यावर पावलं वाजायला हवीत, आणि नायक मनुष्य आहे की आणखी काही, हे शेवटच्या चार पानांपर्यंत कळता कामा नये. अशी पुस्तकं कोपऱ्यावरच्या मास्तरांकडं भाड्यानं मिळतात. मास्तर जन्मात कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत. चष्मा आणि खेकसणं यावरून लोकांनी पदवी दिली. वहिनी त्यांच्याकडून आठवड्याला दोन पुस्तकं न्यायच्या.

मग साखरेनं त्यांचे डोळे गेले. आधी अक्षर गेलं, मग माणसं. भाचीनं फोनमध्ये वाचून दाखवणारी बाई बसवून दिली. वहिनींनी दोन दिवस ऐकलं आणि सांगितलं, ही बाई कुणालाही वाचून दाखवेल, मला नको. तेव्हापासून रोज रात्री नऊनंतर चावीवाला पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायला लागला. सातवी शिकलेला माणूस, ओळीखाली बोट धरून वाचायचा. भुताची पानं मात्र फर्मास वाचायचा. पावलं वाजली की खुर्चीच्या हातावर टकटक करायचा, दार करकरलं की घशातून करकर काढायचा. वहिनी पांघरूण नाकापर्यंत ओढून घ्यायच्या.

गाडं अडायचं प्रेमाच्या पानांशी. नायकानं नायिकेचा हात धरला की याचे कान लाल. मग तो दोन पानं एकदम उलटायचा आणि म्हणायचा, मग त्यांचं बोलणं झालं. वहिनी विचारायच्या, काय बोलणं झालं? तो म्हणायचा, हेच आपलं, घरगुती. तीन वर्षं हे असं चाललं.

गेल्या नोव्हेंबरात एका गुरुवारी दुपारी वहिनींना दवाखान्यात नेलं आणि शनिवारी पहाटे त्या गेल्या. पुस्तक उशापाशी राहिलं, शेवटची चाळीस पानं बाकी.

आता नीट ऐका. एकोणीस दिवसांनंतरचा गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. चावीवाला ते पुस्तक परत करायला मास्तरांकडं गेला. मास्तर आवरत होते. त्यांनी खूण बघितली आणि पुस्तक त्याच्याकडं परत सरकवलं. त्यांचा एक नियम आहे, अर्धं वाचलेलं पुस्तक ते परत घेत नाहीत. अर्धवट वाचणारा गावभर सांगतो की पुस्तक टाकाऊ आहे. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पण त्या रात्री त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

चावीवाला म्हणाला, आता कुणासाठी वाचू? मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि सांगू की नको करत सांगून टाकलं. दीड वर्षापूर्वी वहिनी भाचीचा हात धरून दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या,

"मास्तर, जरा जाड पुस्तकं देत जा. आणि प्रेमाची पानं भरपूर असू देत. आमच्याकडं त्यातली निम्मी वाटेतच गळतात."

चावीवाला जागचा हलला नाही.

"तिला... ठाऊक होतं?"

"पान एक उलटलं की दोन, हे आंधळ्या माणसाला ऐकू येतं बाबा. मी म्हटलं, मग त्याला सांगत का नाही? तर म्हणाल्या, एखाद्या रात्री चुकून वाचतील, त्या आशेवर ऐकते."

त्यानं पुस्तक काखेत मारलं आणि चालायला लागला. वाटेत दोन माणसांनी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही.

घरी येऊन दार लावलं. साडेदहा झाले होते. पलंगावर धुतलेली चादर ताणून घातलेली, उशी कोरी. खुर्ची होती तिथंच होती. ती हलवायचा धीर अजून झाला नव्हता. तो बसला. रिकाम्या पलंगासमोर मोठ्यानं वाचायचं म्हणजे वेड्याचं लक्षण, असं त्याचं त्यालाच वाटलं. तरी वाचायला लागला.

गोष्ट अशी होती, की तळ्याकाठच्या एका घरात एक डॉक्टरीणबाई भाड्यानं राहायला येते. रोज मध्यरात्री कुणीतरी जिना चढून तिच्या दारापर्यंत येतं, थांबतं, आणि परत जातं. खालच्या मजल्यावर एक अबोल माणूस राहतो. तिचा जीव त्याच्यावर जडलेला, आणि संशयही त्याच्यावरच. चावीवाल्यानं पावलं वाजवली, टक... टक... टक. दार उघडलं. बाहेर तोच माणूस उभा. अंगावर पाणी निथळतंय. तळ्यात बुडून त्याला तीन वर्षं झालीत.

पुढच्या ओळीला तो माणूस तिचा हात धरतो.

चावीवाल्याच्या बोटानं सवयीनं दोन पानं एकदम उचलली. तोंडानं सवयीनं म्हटलं, मग त्यांचं बोलणं झालं.

पान परत आलं.

वाऱ्यानं असेल. त्यानं पुन्हा उलटलं.

पुन्हा परत आलं. सावकाश. एकेक करून, दोन्ही.

त्यानं वर बघितलं. पंखा बंद. खिडकी बंद. थंडीचे दिवस.

तिसऱ्यांदा त्यानं पानं उलटली आणि अंगठ्यानं दाबून धरली. घट्ट. अंगठ्याखाली कागद हलला... मुठीत धरलेलं पाखरू हलावं तसा. त्यानं अंगठा काढला.

पान परत आलं.

स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली. रस्त्यावरचं कुत्रं थांबलं. घरात काही म्हणता काही आवाज नाही. आणि त्या शांततेत... कुणीतरी ऐकतंय. आपल्याला कळतं ना, फोनवर समोरचा गप्प असला तरी आहे की गेला ते? तसं.

"तू...?"

काही नाही.

पलंगाकडं बघायचं धाडस होईना. तो पुस्तकाकडंच बघत राहिला.

"मला नाही वाचता येत ते," तो म्हणाला. "लाज वाटते."

काही नाही.

"तुझ्यासमोर तर... जास्तच."

मग त्यानं ओळीखाली बोट ठेवलं. ओळ सापडेना. सापडली. त्यानं वाचलं.

"तुझ्या दाराशी मी रोज आलो. हात उचलला. दार वाजवलं नाही. लोक मला भितात, आणि मला भीती... तू दार उघडशील याची. उघडलं असतंस तर बोलावं लागलं असतं."

एवढं वाचून तो अडला. खाकरून पुन्हा सुरुवात केली. ते पान पुरं वाचलं. पुढचं वाचलं. त्याच्या पुढचं. एकही ओळ सोडली नाही. मध्येच कुठंतरी नजर कागदावरून सुटली, पण तोंड थांबलं नाही. जे पुस्तकात नव्हतं तेही तो बोलायला लागला. काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काही माल झाकूनच न्यायचा असतो.

पहाटे चारला पुस्तक संपलं. तो खुर्चीतच झोपला.

सकाळी पुस्तक घेऊन मास्तरांकडं गेला. मास्तरांनी ते उघडलं आणि खेकसले. सुरुवातीकडच्या पानांचे कोपरे दुमडलेले. अकरा ठिकाणी. पुस्तकाचा कान मोडणारा माणूस म्हणजे मास्तरांना खुनी. चावीवाल्यानं पुस्तक हातात घेतलं, एकेक दुमड बघितली. दवाखान्याच्या आधी वाचलेला भाग होता तो. कोपरे मी दुमडले नाहीत, म्हणाला. पण ही पानं मी गाळली होती. शेवटच्या चाळीस पानांत एकही दुमड नव्हती.

मास्तरांनी चष्मा नीट चढवला. मग उठले. वहीत वहिनींचं पान काढलं, त्या तीन वर्षांत नेलेली पुस्तकं एकेक करून काढायला लागले. रात्री त्यांनी स्वतः कुलूप लावलेलं कपाट. हे पुस्तक, कोपरे दुमडलेले. ते, दुमडलेले. मधलं, जे वहिनींनी कधी नेलं नव्हतं, ते सपाट. चावीवाला प्रत्येक दुमडीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, हेही... हेही.

तेव्हापासून तो त्यातलं एकेक घरी नेतो. रात्री खुर्ची ओढून बसतो आणि दुमडलेली पानं वाचून दाखवतो. तुम्ही उशिरा घरी जाताना त्या खिडकीत उजेड बघितला असेल. लोक म्हणतात, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही म्हणालो असतो. पण पहिली दोनतीन पुस्तकं कोपरे सरळ होऊन परत आली तेव्हा मास्तरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुम्ही कागदातले माणूस, बघा बरं. मी पान उजेडाला धरलं, नखानं चाचपलं, बोट ओलं करून फिरवलं. कागदाची घडी एकदा मोडली की मोडली. इस्त्री फिरवा, दगडाखाली ठेवा, पांढरी रेघ राहतेच. चाळीस वर्षं याच धंद्यात आहे मी. त्या पानांवर रेघ नव्हती. कोपरा कधी दुमडलाच नव्हता, असा.

आता एकच पुस्तक उरलंय. ते तो नेत नाही. येतो, कपाटातून काढतो, पाठीवरून हात फिरवतो, उद्या नेतो म्हणतो आणि ठेवून देतो. दोन महिने झाले. एकदा मी न राहवून विचारलं, बाबा, एवढी वाचलीस, हे का थांबवलंस? तो चावी घासत होता. बराच वेळ घासत राहिला. मग म्हणाला,

"तेवढं संपलं की... ती कशाला थांबेल?"

मी बोलण्यावर पोट भरणारा माणूस. पण त्याच्या टेबलावरच्या चाव्या मोजत उभा राहिलो.

गेल्या शनिवारी मास्तरांनी काय केलं, त्या पुस्तकाचे सगळे कोपरे सरळ केले, वर जाड शब्दकोश ठेवला आणि कपाटाला कुलूप घातलं. रविवारी सकाळी उघडताना मी मुद्दाम गेलो होतो. शब्दकोश जागच्या जागी. पुस्तक बाहेर काढलं. कोपरे पुन्हा दुमडलेले. आणि या खेपेला आणखी एक पान दुमडलेलं होतं, सगळ्यात शेवटचं. गोष्ट संपल्यानंतरचं. त्याच्यावर काही छापलेलं नसतं... कोरं असतं ते.

चला, उठा. उशीर झाला, घरी वाट बघत असतील. फक्त एवढं करा माझ्यासाठी. कुणाला काय सांगायचं राहिलंय, कुणाच्या वाट्याचं आपण मधल्यामधे गाळलंय, त्याचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा. समोरचा विचारत नाही म्हणून ठेवला नाही, असं करू नका.