बुडबुड्यांची टेस्ट

हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं की माझी लबाडी उघडी पडते. पण असू दे.

मी पाणबुड्या. जहाजांचे तळ घासतो. वर बोटीत माझा दोर धरून मित्र बसतो, तोही पाणबुड्याच. एकदा बसला की हलत नाही, म्हणून सगळे त्याला नांगर म्हणतात. एक दिवस पाण्यातून वर आलो आणि डावा हात बधिर. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून बारीक भोक असेल. वर येताना रक्तात बुडबुडे होतात, एरवी ते फुप्फुसात अडकून विरतात. भोक असलं तर त्यातूनच पलीकडे घुसून थेट मेंदूकडे.

म्हणून टेस्ट. तिथे ती, टेस्ट घेणारी.

दोन सिरिंजमधून सलाईन इकडून तिकडे ढकलून तिनं फेस केला, माझ्या शिरेत सोडला. छातीवर गार जेल, तिचा हात... "श्वास कोंडा. पोटातून जोर लावा." जोर लावला की भोक उघडतं, हे मी वाचून गेलो होतो. नुसते गाल फुगवले. भोक सापडलं तर पाण्यात उतरणं बंद ना!

पुन्हा करू या म्हणाली. मी घाई सांगून सटकलो. नांगराला म्हटलं, सगळं ठीक आहे.

तीन आठवडे पाण्याखाली ब्रश मारत होतो आणि छातीवर तो हात तसाच. शेवटी एका दुपारी हॉस्पिटलच्या गेटवर जाऊन उभा राहिलो, उगाच. ती बाहेर आली.

"पोट हललंच नव्हतं तुमचं."

"तुम्ही तर स्क्रीनकडे बघत होता."

"असं तुम्हाला वाटलं." मग थांबली. "स्ट्रेचर आलं की मी आधी चेहरा बघते. तुम्ही नसलात की बरं वाटतं. आणि मग... तुम्ही आलाच नाहीत म्हणून वाईटही."

मी तिच्यामागे आत गेलो. या वेळी खरा जोर लावला. स्क्रीनवर बुडबुड्यांचे पांढरे ठिपके भसाभस पलीकडे गेले. वीसपर्यंत मोजले, मग तिच्याकडेच बघत बसलो. जेल पुसायला तिनं जरा जास्तच वेळ घेतला. भोक बुजवेपर्यंत पाणी बंद, म्हणाली.

"तोवर मी काय करू?"

"वर राहा ना... माझ्यासाठी."

संध्याकाळी बोटीवर नांगराला सगळं सांगितलं, थापेसकट. तो म्हणाला, तुझा दोर धरून मी तीन आठवडे काय मूर्खासारखा बसलो होतो?

मी त्याच्या हातातून दोर घेतला. "उद्या तू उतर. दोर मी धरतो. आणि तुला पुन्हा खोटं सांगणार नाही — शब्द देतो."