तीन नंबरची काचपेटी

भुताखेतांच्या गोष्टी ती हसण्यावारी न्यायची. प्रोग्रॅमर बाई ती! त्या दुपारी हॉस्पिटलात आली होती ती नवजात बाळांच्या वॉर्डातल्या रिपोर्टची अक्षरं मोठी करायला. दहा मिनिटांचं काम. बाहेर टळटळीत ऊन, आत जाड पडदे, फिनेलचा वास आणि काचपेट्यांची एकसुरी घरघर.

तेवढ्यात तीन नंबरची पेटी ओरडू लागली. पेटीच्या पडद्यावर बाळाचं तापमान घसरत होतं. पस्तीस... चौतीस...

"पेटी तापतेय तरी आकडा खालीच! मॅडम, उबेची मर्यादा वाढवा ना," सिस्टर म्हणाली. काचेपलीकडे बाळाची आई तोंडावर हात धरून उभी होती.

पेट्यांचा प्रोग्रॅम तिच्या जुन्या सरांनी लिहिलेला, आणि सर वारून दोन वर्षं झाली होती. मर्यादा वाढवायची मेथड, म्हणजे प्रोग्रॅममधला तेवढ्या कामाचा तुकडा, तिला सापडली, पण त्या मेथडला आकडा कसा द्यायचा, देव जाणे! फाइल शोधत बसायला वेळ कुठला? मात्र पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चालू प्रोग्रॅमलाही विचारता येतं: बाबा रे, या मेथडखाली लिहिणाऱ्याने काय सांगून ठेवलंय? तिने मेथडचं नाव टाइप केलं आणि तिचं डॉक, म्हणजे ती लिहून ठेवलेली टीप, मागितली.

उत्तर उमटलं: ‘ऊब वाढवू नये. आधी बाळाच्या पोटावरची तार बघावी.’

"सिस्टर... पोटावरची तार बघा."

सिस्टरने झडप उघडली. "अगं बाई! तापमान मोजणारी तारच सुटून पडलीये. बाळ तर तापलंय... आणखी ऊब दिली असती तर..." पुढचं तिला बोलवेना. तिने तार परत चिकटवली. आकडा अडतीसवर चढला, मग हळूहळू साडेछत्तीसवर उतरला. बाळाने टाहो फोडला, बाहेर आईने मटकन खाली बसून रडून घेतलं आणि प्रोग्रॅमरच्या जिवात जीव आला. सुटले बाई, असं ती मोठ्यानेच म्हणाली.

सरांची ती ओळ उतरवून घ्यावी म्हणून तिने डॉक पुन्हा मागितलं. एकदा लिहिलेलं डॉक काही आपोआप बदलत नाही. पण आता तिथे एवढंच होतं: ‘बाळ बरं आहे ना?’

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हो सर..." ती पुटपुटली. "बरं आहे."

मग तिने तिसऱ्यांदा विचारलं. पडद्यावर एकच शब्द आला: None. म्हणजे त्या मेथडखाली कधी कुणी काही लिहिलेलंच नव्हतं.