केरब्राची अपुरी चाल

मोंमार्त्रच्या चढावरल्या त्या खोलीत सकाळी ऊन थेट पियानोवर यायचं, आणि ल्युसियाँ केरब्रा वैतागून पडदा ओढून घ्यायचा. आज त्याला पडद्याचंही भान नव्हतं. दुसऱ्या दिवशी सिनेमाचं शेवटचं गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. गायिका ठरलेली, वादक ठरलेले. अडली होती ती फक्त चाल, आणि काल संध्याकाळी एकदाची ती सुचली होती.

गाणी लिहिणारी ओदिल दिवाणावर पाय दुमडून सिगारेट ओढत बसली होती. त्याने चाल वाजवली.

"गोड आहे," ती म्हणाली. "पण जुनी आहे रे."

"जुनी? कालची आहे."

"माझी आई कपडे वाळत घालताना म्हणायची."

ल्युसियाँने दात-ओठ खाल्ले. सकाळी दिग्दर्शकाला फोनवरून ऐकवली, तर तोही हेच बोलला होता. त्याच्या गावातला आंधळा अकॉर्डियनवाला म्हणे हीच वाजवायचा.

"तुम्ही ठरवून छळताय का मला?"

त्याने लय बदलली, सूर उलटे केले.

"आता तर अगदी तीच झाली," ओदिल म्हणाली.

चिडून त्याने मनाला येईल तशा पट्ट्या बडवल्या. खाली चौकात इमारतीची राखणदार माडाम बुव्हिए गालिचा झोडपत होती. झोडपणं थांबलं. तिच्या घोगऱ्या आवाजात पुढची ओळ वर आली. त्याची बोटं जिथे पडणार होती, नेमके तेच सूर.

त्याने खिडकीतून ओरडून तिला वर बोलावलं. ती धापा टाकत दारात उभी राहिली.

"हे कुठे ऐकलंत?"

"हे काय विचारणं झालं, मस्यू? आमच्या लहानपणी सगळेच म्हणायचे."

"मग म्हणा की पुढचं."

"पुढचं नाहीच. ते तिथंच थांबतं."

"हो, तिथंच," ओदिलने मान डोलावली.

"करणाऱ्याकडून पुरं झालं नाही म्हणे," माडाम बुव्हिए हळू आवाजात म्हणाली. "पियानोवर बसल्या बसल्याच गेला बिचारा."

"बिचारा कसला, आळशी असणार," ल्युसियाँ फणकारला. "थांबा. मीच पुरं करतो, म्हणजे तुमची कटकट मिटेल."

तो बसला. चाल त्या जागेपाशी आली. क्षणभरही न अडखळता त्याने पुढचे सूर घेतले, आणि ते इतके सहज, इतके नेमके आले की त्याचा राग निवळला. आयुष्यात इतका सुंदर शेवट त्याला कधी सुचला नव्हता.

"झालं की नाही?"



"ओदिल?"

ओदिल सिगारेट विझवत होती. माडाम बुव्हिएने छातीवर क्रूसाची खूण केली.

त्याने शेवट पुन्हा वाजवला, जोरात, खालच्या पट्ट्यांवर सगळा भार टाकून.

"दरवेळी इथंच थांबतं," माडाम बुव्हिए पुटपुटली.

"किती शांत झालं एकदम," ओदिल म्हणाली.

ती उठून पियानोपाशी आली. तिचे डोळे पाणावले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पट्ट्यांवरची धूळ तिने रुमालाने पुसली आणि झाकण सावकाश खाली घेतलं.

त्याची बोटं आतच होती.

दुखलं मात्र नाही.