विळ्यावरचं तांबं

“हात बाहेर काढा! आधी हात बाहेर काढा!”

दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेत मी पिंपात फवारणीचं मोरचूद विरघळवत होते. ढवळायची काठी आत निसटली, म्हणून कोपरापर्यंत हात घातला होता. एवढ्यात बांधावरून हे ओरडणं... मी अशी दचकले, की काठीसकट हात वर आला आणि ओरडणाऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर निळा सडा!

तो शर्टाकडे बघत राहिला. मी त्याच्या चष्म्याकडे. एका काचेवरून निळा थेंब अगदी सावकाश ओघळत होता.

“तुम्हीच म्हणालात, हात बाहेर काढा,” मी म्हटलं.

“हो... म्हणालो खरा.”

हा दिगंबर बोरस्ते. नाशकात औषधशास्त्राच्या कॉलेजात उंदीर पाळायचा. मोरचुदातल्या तांब्यानं त्यांचं लिव्हर बिघडतं, मग जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ते वाचतं का, हे बघायचा. आता त्याला मोरचूद फवारणाऱ्या माणसांचं रक्त तपासायचं होतं. लुनावर बाटल्या बांधून तो गावोगाव हिंडत होता, आणि लोक चहा पाजून त्याला तसाच परत पाठवत होते.

मी मात्र त्याला ओट्यावर बसवलं. छाटणी झाल्यापासून रोज भुरभुर पाऊस, वेलींवर केवडा रोग पडायची भीती, म्हणून माझे वडील, आण्णा, सारखे फवारत होते. आणि हल्ली भाकरी पुढे आली की ताट सरकवत होते. मला त्यांची फार काळजी वाटायची.

आण्णांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. रक्ताला ‘नाय’ म्हणाले. मग विचारलं, “म्हंजे गोळी दिलेला उंदीर तगतो?”

“उंदीर, काका. माणसाचं अजून—”

“उंदराला जमतं, मग मला का नाय जमणार?”

पुढच्या खेपेला दिगंबर आला, तो समोरचं बघून लुना स्टँडवर लावायचीच विसरला. लुना आडवी. आण्णांनी नाशकातून गोळ्यांची मोठी बाटली आणली होती. सकाळी आरतीनंतर प्रसादासारखी एकेक गोळी सगळ्या गड्यांच्या हातावर! आणि गोळी पोटात जाताच सगळ्यांच्या तोंडावरची फडकी खुंटीला. केरू गडी तर गाणं म्हणत उघड्या हातानं पिंप ढवळत होता.

“केरूदादा, फडकं कुठंय?”

“आता कशाला, डाक्टर? गोळी खाल्लीय नव्हं!”

दिगंबर मटकन बांधावर बसला. “शकुंतलाबाई, हे माझ्यामुळे झालं.”

“बाई काय म्हणता? मी अजून कॉलेजात आहे.”

“मग... काय म्हणू?”

“ते तुम्ही ठरवा.”

त्याला हसू आलं, पण टिकलं नाही. “मी आलो नसतो तर निदान फडकी तरी राहिली असती. आता नाही येत मी इकडे.”

“आणि मी?” माझ्या तोंडून निसटलंच. “म्हणजे... आण्णांचं काय?”

दोघंही पिंपाकडे बघू लागलो. जणू तेच उत्तर देणार होतं!

तेवढ्यात आण्णा विळा घेऊन आले. मोरचुदात चुन्याचं पाणी मिसळून बोर्डो तयार झालं, की त्यात विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं जाळणार. मग चुना वाढवायचा. आज पातं लालभडक निघालं. मी विळा आण्णांच्या हातातून घेतला.

“आण्णा, चुना कशाला घालता?”

“मोरचूद आवराया.”

“मग चुना आहे म्हणून मोरचूद दुप्पट टाकता का?”

“येडी का काय! बाग जळंल.”

“मग गोळी आहे म्हणून अंगात तांबं का भरून घेताय?”

आण्णांनी पात्यावरचं तांबं बोटानं खरडून पाहिलं. मग दिगंबरला म्हणाले, “खरं सांगा. ती गोळी चुन्यावानी तरी हाय का?”

“खरं सांगू? माणसाचं मला माहीत नाही. फडकं आणि हातमोजे, एवढंच खात्रीचं. आणि तुमची भूक का गेली, ते रक्त बघूनच कळेल.”

आण्णांनी फडकं बांधलं, बाही वर केली. “घ्या रक्त. पन आदी केरूचं.”

केरू बागेच्या पार दुसऱ्या टोकाला!

आण्णांच्या लिव्हरला थोडी सूज निघाली, पण जपलं तर सावरेल अशी. ते सांगायला दिगंबर आला. मग हातमोजे घेऊन आला. मग नुसताच आला.

“आज काय काम काढलंत?”

“आज... पिंप बघायला.”

“पिंप?”

“म्हणजे... पिंपाजवळ जी उभी असते ना... तिला.”

“कोन उभी असती?” वेलींच्या आडून आण्णा बाहेर आले. तोंडावर फडकं, फक्त डोळे दिसत होते. त्यांनी विळा दिगंबरच्या हातात ठेवला. “पावनं, आमच्यात तपासल्याबिगर फवारत नाय. आजचं बोर्डो तुमी करा.”

त्यानं मोरचुदात चुना मिसळला. विळा बुडवला. मी वाकून बघत होते.

पातं लख्ख निघालं.

“जमलं,” आण्णा म्हणाले. “आता घरच्यांना घिऊन या. पांढरा शर्ट नगा घालू.”

विळ्यावर तांबं चढलंच नव्हतं. ते सगळं दिगंबरच्या कानांवर चढलं होतं.